‘पहिला बिट’ म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न असा आहे: प्रोग्रॅमिंगवर मराठीत लिहिताना ‘एमएसबी’ (सर्वांत मोठ्या किमतीचा बिट) आणि ‘एलएसबी’ (सर्वांत छोट्या किमतीचा बिट) यांना ‘पहिला बिट’ आणि ‘शेवटचा बिट’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. ‘पहिला’ म्हटलं की तीन अर्थ निघतात: सर्वांत मोठ्या किमतीचा, फाइलमधून आधी वाचला जाणारा, किंवा शून्य क्रमांकाचा.

१८० हा बाइट, म्हणजे आठ बिटांचा गट, घ्या. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) तो १०११०१००. ‘पहिले तीन बिट वाचा’ एवढंच लिहिलं, तर एक जण मोठ्या किमतीकडून १०१ उचलेल आणि त्याला ५ मिळतील (१८० >> ५, म्हणजे बिट पाच घरं उजवीकडे सरकवून). दुसरा छोट्या किमतीकडून १०० उचलेल, त्याला ४ मिळतील (१८० & ७, म्हणजे फक्त छोट्या किमतीचे तीन बिट ठेवून). उरलेल्या पाच बिटांचे एकाकडे २० होतात, दुसऱ्याकडे २२. यात एरर येतेच असं नाही. पुढचे आकडे मात्र गुपचूप चुकत जातात. आणि दोन्ही पद्धती रूढ आहेत. जेपेग मोठ्या किमतीकडून वाचतात, जिफ छोट्या किमतीकडून. झिप आणि पीएनजी जिच्यावर चालतात ती डिफ्लेट ही डेटा दाबून लहान करणारी पद्धत बाइट छोट्या बाजूनं भरते, पण त्यातला हफमन कोड (वारंवार येणाऱ्या चिन्हाला कमी बिट देणारा) त्याच्या मोठ्या टोकापासून ठेवते!

‘डावा-उजवा’ बरं वाटतं, कारण डावीकडे सरकवलं की किंमत वाढते. पण छोट्या किमतीचे बिट आधी येत असतील आणि आपण ते आले तसे कागदावर मांडले, तर डावं-उजवं उलटतं. (भूतसंख्यांतही, म्हणजे शब्दांनी अंक सांगण्याच्या जुन्या पद्धतीतही, असंच आहे: नेत्र २, वेद ४, म्हणून ‘नेत्रवेद’ म्हणजे ४२. एकक आधी; अंकानां वामतो गतिः, म्हणजे अंक डावीकडे सरकत जातात.)

शाळेतली स्थानिक किंमत इथे चपखल बसते. एलएसबी म्हणजे ‘एककाच्या घरातला बिट’, आठ बिटांत एमएसबी म्हणजे ‘१२८च्या घरातला’. सुटसुटीत हवं तर ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ म्हणा. ‘पहिला’ फक्त वाचनाच्या क्रमासाठी राखा: ‘थोरला बिट पहिला’.

‘बिट लिहिणे’ही जपून वापरावं. फाइल पूर्ण बाइटच घेते, म्हणून बिट आधी एका संख्येत ‘साठवायचे’ आणि आठ झाले की बाइट ‘लिहायचा’. १३ बिट साठवले तर एक बाइट लिहिला जातो आणि पाच बिट हातात उरतात. त्यांत तीन भरतीचे शून्य घालून दुसरा बाइट लिहायला विसरलं की फाइलचं शेपूट तुटतं. लिहिला, पण खरे बिट किती ते नोंदवलं नाही, तर वाचणारा भरतीचे शून्यही मजकूर समजतो.