पॉडकास्ट सुरू करतोस ना भाऊ, मग ऐक

महागडा माईक सध्या राहू दे. कापूस भरून ठेवलेल्या खोलीत बस, आवाज अजिबात घुमत नाही. (अंग खाजतं, ते सोसायचं.) पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. टिनाखाली मात्र पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा नादच सोड.

विराट-रोहितवर सारी दुनिया बोलते. तू विदर्भाच्या क्रिकेटवर बोल. २०२४-२५ च्या रणजी करंडकात आपल्या फिरकीपटू हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, एका मोसमातला विक्रम! फायनल नागपुरात, केरळविरुद्ध. सामना अनिर्णित, तरी पहिल्या डावातल्या आघाडीवर चषक आपला. ते कसं, हे पारावर किती जणांना सांगता येतं? झाला तुझा पहिला भाग.

अन् सोमवारी टाकतो म्हटलं तर सोमवारीच टाक, वेचणी असो की वरात.