नोकरी मिळेल, पण आधी तुझी सर्टिफिकेटं कुणाकडे आहेत?

तू लिहिलंयस की रत्नागिरीत नर्स आहेस, नवऱ्यामागून मेलबर्नला यायचंय, त्याने दोनदा हात उगारलाय आणि तुझी मूळ कागदपत्रं तो स्वतःकडे मागतोय. विचारलंस मात्र एवढंच, की इथे नोकरी मिळेल का. मिळेल गं, नर्सेस इथे हव्याच असतात. ती टिकेल का, याचीच मला काळजी वाटते.

तिकडे तू रात्रपाळी करू शकतेस, कारण तुझी मुलगी आजीकडे झोपते. घरात आवाज चढला तर वाडीतली काकू दारात येऊन उभी राहते. चार दिवस माहेरी राहून तिथूनच ड्युटीवर जाता येतं. इथे यातलं काहीच नसतं. पाळणाघराचा खर्च ऐकूनच कितीजणी घरी बसतात.

माझ्याबरोबर वृद्धांच्या केंद्रात मालवणकडची एक मुलगी होती. नवरा सकाळी गाडीची किल्ली लपवायचा, ड्युटीवर असली की रिसेप्शनला सारखे फोन करायचा. उशीर, रजा, कामात चुका. नोकरी गेलीच असती, पण मॅनेजरबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, पाळी बदलून दिली, आणि आमच्यातली एकजण तिला गाडीतून न्यायला-सोडायला लागली. तेवढ्यावर ती तगली. घरगुती हिंसेसाठी इथे २०२३ पासून वर्षाला १० दिवस भरपगारी रजा आहे, कॅज्युअल कामगारांनाही. पगाराच्या स्लिपवर त्या रजेचा उल्लेख करायला मनाई आहे, कारण स्लिप नवऱ्याच्याही हाती पडते. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मूळ कागद त्याच्याकडे देऊ नकोस. इथे नर्स म्हणून काम करायला नोंदणी करावी लागते आणि तिला नर्सिंगची कागदपत्रं लागतात. ती अडली की तुझं नर्स असणंच अडलं. स्कॅन करून आईकडेही ठेव. पगार स्वतःच्या खात्यात घे. बाईचे पैसे किंवा स्त्रीधन अडवणं हा आपल्याकडच्या २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानेही छळच आहे. निघण्याआधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलून घे.

व्हिसा कुठला, ते मला नक्की कळव. पार्टनर व्हिसावर हिंसेमुळे नातं तुटलं तरी पीआरचा (कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज पुढे चालू शकतो. त्याच्या स्टुडंट व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलीस तर तो आधार नाही. आणि घरगुती हिंसेसाठीच्या इथल्या हेल्पलाइनचा नंबर आत्ताच पाठ कर: १८०० ७३७ ७३२. रात्रीबेरात्रीही उचलतात, दुभाषीही मागता येतो. जिवावर बेतलं तर पोलिसांसाठी थेट ०००.