जुन्या गाडीचे वाढलेले बिल आणि गॅरेजवाल्याचा गाडी अडवून ठेवण्याचा हक्क

प्रश्न : मी कळंबा येथे राहतो आणि नोकरीसाठी रोज गोकुळ शिरगावला स्वतःच्या गाडीने जातो. गाडी २०११ची डिझेल आहे, १ लाख ४६ हजार किलोमीटर चालली आहे. मे महिन्यात आंबा घाट चढताना ती गरम झाली, काटा लाल रेषेला गेला, तरी थोडे थांबून मी ती घरापर्यंत आणली. उद्यमनगरातील एका गॅरेजने रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि मजुरी धरून १८,५०० रुपये होतील, असे व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले. मी १०,००० रुपये आगाऊ दिले. आठवड्याने मिस्त्रींचा फोन आला की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावे लागेल. मी म्हणालो, ‘बघा, जे लागेल ते करा.’ आता ७१,००० रुपयांचा हिशेब साध्या कागदावर दिला आहे. त्यात ठरलेल्या कामाचे १८,५००, हेड, फेसिंग (हेडची बैठक सपाट करणे), गॅस्केट (हेडखालचे सील) आणि टायमिंग किटचे २४,०००, क्लच सेटचे १३,५००, लोअर आर्म, बुश व लिंक रॉडचे ९,००० आणि किरकोळ ६,००० रुपये आहेत. ट्रायल घेतली तेव्हा गाडी पंधरा मिनिटांत पुन्हा गरम झाली. पैसे दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही आणि रोज २०० रुपये जागाभाडे लागेल, असे ते म्हणतात. माझ्याकडे दुसरी चावी आहे. मी गाडी घेऊन येऊ का? इतक्या जुन्या गाडीबद्दल ग्राहक आयोगात तक्रार चालते का? गाडीची पूर्ण किंमत मागता येईल का?

उत्तर : सर्वांत आधी चावीबद्दल, कारण तिथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही. दुसऱ्या चावीने गाडी आणू नये. गाडी आपली, आरसी पुस्तक आपल्या नावाचे, मग आपलीच वस्तू आणण्यात गुन्हा कसला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३मध्ये, म्हणजे चोरीच्या व्याख्येत, नेमके हेच उदाहरण दिलेले आहे आणि ते जुन्या दंड संहितेतून जसेच्या तसे आले आहे. दुरुस्तीचे पैसे देणे असताना घड्याळजीने कायदेशीररीत्या अडवून ठेवलेले स्वतःचेच घड्याळ, त्याची ती सुरक्षितता काढून घेण्याच्या हेतूने उचलून नेणे ही चोरी ठरते. त्याच्या शेजारचे दुसरे उदाहरण सांगते की काहीही देणे नसताना घड्याळ हिसकावून नेले तर अन्य गुन्हा होऊ शकेल, पण चोरी होणार नाही. आपल्याकडून गॅरेजला काहीच देणे नाही, असे आजच्या कागदांवरून मला म्हणता येत नाही, आणि तेवढ्या शंकेवर आपण फिर्यादीचे आरोपी व्हावे, हे मला मुळीच मान्य नाही.

गॅरेजचा हा हक्क भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम १७०मधून येतो. ज्याच्या हाती वस्तू कामासाठी सोपवली आणि ज्याने तिच्यावर श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. याला धारणाधिकार म्हणतात. हा अधिकार ठरल्याप्रमाणे पूर्ण केलेल्या कामासाठी आहे, आणि मोबदला ‘योग्य’ असला पाहिजे, गॅरेजने मागितलेली कोणतीही रक्कम नव्हे. कामाच्या योग्य रकमेची तयारी आपण लेखी दाखवली आणि तरीही गाडी अडवली, तर पुढची अडवणूक बेकायदा ठरते. रोजच्या २०० रुपयांबद्दल मला शंका वाटत नाही. आपल्या हक्कासाठी वस्तू अडवून ठेवणाऱ्याला ती ठेवण्याचे भाडे वस्तूच्या मालकाकडून घेता येत नाही, हे जुने आणि मान्य तत्त्व आहे. तसा करार आधी झाला असता तर गोष्ट वेगळी होती, पण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात भाड्याचा शब्द नाही. उलट गाडी त्यांच्या ताब्यात असेपर्यंत कलम १५१प्रमाणे तिची सामान्य शहाण्या माणसाइतकी काळजी घेणे हे त्यांचेच काम आहे. या पावसात ती रस्त्याकडेला उघडी उभी असेल, तर तिचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

आता बिलाकडे येऊ, कारण खरा वाद तिथेच आहे. ‘जुनी गाडी आहे, एक खोलले की दुसरे निघते’ हे मिस्त्रींचे वाक्य आपल्याला सबबीसारखे वाटले असेल, पण त्यात बरेच तथ्य आहे. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी असेल तर आत क्षार साचतात, थर्मोस्टॅट अडकतो, वॉटर पंपाचा सील जातो, आणि एकदा काटा लाल रेषेला गेल्यावर गाडी चालवत राहिले की हेड वाकण्याची आणि गॅस्केट जळण्याची शक्यता असते. आंब्याहून घरापर्यंतचा तो प्रवास आपणच पत्रात लिहिला आहे. आयोगासमोर तो लपवू नका. तक्रारीसोबतचा पुरावा शपथपत्रावर द्यायचा असतो, आणि समोरची बाजू तो मुद्दा काढणारच. तो आपण आधी सांगितला तर आपल्या उरलेल्या सांगण्याला वजन येते.

म्हणून बिलाचे तीन वाटे करा. पहिला वाटा ठरलेल्या कामाचा, १८,५०० रुपयांचा. दुसरा हेडच्या कामाचा, २४,००० रुपयांचा. हे काम मूळ अंदाजात नव्हते हे खरे, पण फोनवर ‘जे लागेल ते करा’ असे आपण म्हणालात, आणि तो फोन गाडी गरम होण्याबद्दल होता. त्या संमतीत हेडचे काम बसते असेच मला वाटते. रक्कम विचारायला हवी होती, त्यांनी आधी सांगायला हवी होती, आणि दर अवाजवी असेल तर त्यावर वाद घालता येईल, परंतु हे काम मुळात सांगितलेच नव्हते, ही भूमिका घेऊ नका, ती टिकणार नाही. तिसरा वाटा क्लच आणि सस्पेन्शनचा, २२,५०० रुपयांचा. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, हेड काढायला तो उतरवावा लागत नाही, आणि लोअर आर्मचा इंजिन गरम होण्याशी काही संबंध नाही. ‘जे लागेल ते करा’ हे शब्द ज्या तक्रारीबद्दल उच्चारले तिच्यापुरतेच असतात. या तिसऱ्या वाट्याला आपली संमती नव्हती, असे ठामपणे लिहा. किरकोळ ६,००० रुपयांचा तपशील मागा, तपशील येईपर्यंत ते मान्य करू नका.

गॅरेजचा वकील येथे करार अधिनियमाचे कलम ७० पुढे करील, की न सांगता केलेल्या कामाचाही फायदा घेतला तर मोबदला द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६२च्या पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या निकालात या कलमाचा उलगडा केला आहे. काम ज्याच्यासाठी केले त्याला ते नाकारण्याची मोकळीक असली पाहिजे, आणि त्याने ते स्वेच्छेने स्वीकारलेले असले पाहिजे. क्लच बसवून झाल्यावर बिल दाखवले, म्हणजे नाकारण्याची संधी मिळालीच नाही. यासाठीच जुनी क्लच प्लेट, लोअर आर्म आणि हेड गॅस्केट लेखी मागून घ्या. ते सुटे भाग आपल्या मालकीचे आहेत आणि जुनी प्लेट खरोखर झिजली होती का, हे तिच्याकडे पाहूनच सांगता येते. भाग ‘भंगारात गेले’ असे उत्तर आले तर तेही लेखी घ्या.

ग्राहक आयोगात तक्रार चालते. गाडी पंधरा वर्षांची होत आली आहे आणि कंपनीची वॉरंटी केव्हाच संपली आहे, या दोन्ही गोष्टींचा येथे संबंध नाही, कारण आपली तक्रार गाडीच्या दर्जाबद्दल नसून गॅरेजच्या सेवेबद्दल आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९च्या कलम २(७)प्रमाणे मोबदल्याचा काही भाग दिलेला व उरलेला देण्याचे कबूल केलेले असले तरी माणूस ग्राहक असतो. आपण गाडी भाड्याने देत नाही, त्यामुळे व्यापारी वापराचा आक्षेप येणार नाही. पक्के बिल न देणे ही याच कायद्याच्या कलम २(४७)प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा गॅरेज जीएसटीत नोंदलेले नसले तरी बिल देण्याची जबाबदारी सुटत नाही. आपण राहता त्या जिल्ह्यातील आयोगापुढे, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगापुढे, तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील न देता स्वतः बाजू मांडता येते.

मात्र गाडी जुनी असण्याचा संबंध दुसऱ्या जागी येतो, आणि माझ्या अनुभवात अशा तक्रारी तिथेच पडतात. आपली गाडी सांभाळायला सोपी आहे. तिचे भाग उद्यमनगरात सहज मिळतात, कोणताही चांगला फिटर ती खोलू शकतो, फेसिंगसाठी चार वर्कशॉप शेजारी आहेत. हीच सोय पुराव्याच्या मुळावर येते. गाडी हाती आली की वाचक ती सरळ दुसऱ्या गॅरेजला नेतो, तिथला मिस्त्री हेड उतरवतो, नवी गॅस्केट घालतो, गाडी उत्तम चालू लागते, आणि पहिल्या गॅरेजने काय चुकवले होते हे दाखवणारे काहीच उरत नाही. मग आयोगापुढे दोन मिस्त्रींची परस्परविरोधी तोंडी विधाने राहतात आणि दोष झिजेचा की हातकामाचा, हे ठरवता येत नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते.

तेव्हा गाडी मिळाल्यावर ती चालवू नका. टोइंग करून न्या आणि कोणालाही खोलू देण्यापूर्वी परवानाधारक मोटार सर्वेक्षक किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील ऑटोमोबाइल विषयाचे प्राध्यापक यांच्याकडून तपासून घ्या. तपासणीची तारीख, वेळ आणि जागा गॅरेजला लेखी कळवा, म्हणजे त्यांना हजर राहता येईल. ते आले नाहीत तरी अहवाल एकतर्फी असल्याचा आरोप दुबळा होईल. तज्ज्ञाला मोघम ‘गाडी गरम होते’ असे सांगू नका. कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करायला सांगा, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात का, ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे का, आणि हेड उतरवल्यावर फेसिंग खरोखर केलेले दिसते का, हे एकेक प्रश्न लेखी द्या. शेवटी हेही विचारा की गाडी आज गरम होण्याचे कारण केलेल्या कामात आहे की गाडीच्या वयात. उत्तर दुसरे आले तर २४,००० रुपयांचा वाद सोडून द्या आणि क्लच-सस्पेन्शनपुरतीच तक्रार करा. आयोगालाही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८प्रमाणे योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी मागवता येते, पण तोवर गाडी तशीच राहिली पाहिजे.

गाडी मिळवण्यासाठी आधी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस द्या. पहिल्या दोन वाट्यांचे ४२,५०० रुपये होतात. त्यातून आगाऊ दिलेले १०,००० वजा जाऊन ३२,५०० रुपये, आपले सर्व हक्क राखून, देण्याची तयारी आहे असे लिहा, आणि सात दिवसांत गाडी, पक्के बिल व जुने भाग मागा. ज्या कामाने गाडी बरी झाली नाही त्याचे पैसे आधी का द्यायचे, असे आपल्याला वाटेल. हक्क राखून दिलेली रक्कम आयोगाकडून परत मागता येते, आणि आज ती देऊ केल्याने गॅरेजचा गाडी अडवण्याचा आधार बराच ढासळतो, म्हणून मी हा मार्ग सुचवत आहे. पावतीवरही ‘हक्क राखून’ हे शब्द येऊ द्या. त्यांनी नकार दिला तर तक्रारीसोबतच कलम ३८(८)खाली अंतरिम आदेशाचा अर्ज करा आणि वादातील रक्कम आयोगात भरण्याची तयारी दाखवा.

पोलिसांकडे जाण्याने आज फारसे हाती लागणार नाही. हा पैशांचा वाद आहे, असे सांगून ते अदखलपात्र नोंद करून घेतील. गाडीतील चांगला भाग काढून घेतला किंवा गाडी दुसऱ्याला वापरायला दिली, असे दिसले तर मात्र तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो आणि मग तक्रार जरूर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरील तो १८,५०० रुपयांचा संदेश असलेला फोन विकू नका, बदलू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३(४)चे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

पूर्ण किमतीची मागणी करू नका. नुकसानभरपाई झालेल्या नुकसानीइतकी असते. सदोष काम पुन्हा करण्याचा खर्च, विनासंमती कामाचे पैसे, टोइंग, तज्ज्ञाचे शुल्क आणि गाडीविना प्रवासावर झालेला खर्च एवढेच मागणे रास्त आहे. मागणी फुगवली की बाकीच्या खऱ्या रकमांकडेही संशयाने पाहिले जाते.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती तातडीची आहे. गाडीची नोंदणी २०११च्या ऑक्टोबरमधील असल्याचे आपण पाठवलेल्या आरसीच्या प्रतीवर दिसते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४१(७)प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, म्हणजे ती येत्या ऑक्टोबरमध्ये संपते. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत भरायचा असतो, त्यासाठी गाडी तपासणीला आरटीओत न्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ही तारीख नोटिशीत ठळकपणे लिहा आणि गाडी अडवल्यामुळे नूतनीकरण हुकले तर त्याचा खर्च गॅरेजकडून मागितला जाईल, असे कळवा. करार अधिनियमाचे कलम ७३ स्वाभाविकपणे होणाऱ्या किंवा करार करतानाच दोन्ही बाजूंना माहीत असलेल्या परिणामांची भरपाई देते, त्यामुळे नंतरच्या नोटिशीवरून हा खर्च मिळेलच असे नाही, पण तारीख कळूनही गाडी अडवली हे दाखवायला ही नोटीस कामी येईल. त्यामुळे ती याच आठवड्यात जाऊ द्या.