बसल्या जागेवरून: खुर्चीतल्या व्यायामाचे तुमचे प्रश्न

उठबस जड जाते, फार चालवत नाही, तोल जातो, अशा लोकांनी घरी व्यायाम करायचा तर काय करायचा, ते विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, मेसेज त्याहून जास्त, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रं ज्यांना त्रास आहे त्यांची नाहीतच, सुनांची, मुलींची, बायकोची आहेत. असो. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते आधी घेते.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघ्यांतलं वंगण संपलंय, ऑपरेशन नको म्हणतात. दिवसभर सोफ्यावर. मी मोबाइलवर खुर्चीतल्या व्यायामाचे व्हिडिओ लावून देते, त्यात सगळे हात वर-खाली करतात, टाळ्या वाजवतात. त्या म्हणतात, "अगं दुखतोय गुडघा आणि हलवू हात?" काय उत्तर देऊ? – एक सून, सांगली

काही उत्तर देऊ नका, सासूबाईंचं बरोबर आहे! हात हलवून अंग गरम होतं, श्वास मोकळा होतो, मूड बरा होतो, ते ठीकच आहे, पण त्यांची अडचण हातात नाही, सोफ्यावरून आणि संडासातून उठण्यात आहे. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, परत येत नाही हे खरं, पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला तर सांध्यावरचा बराच भार तो उचलतो, दुखणं कमी होतं. त्यामुळे व्यायाम पायाचा, आणि तो बसूनच सुरू करायचा.

पहिलं काम म्हणजे त्यांना सोफ्यावरून हलवा. सोफा खोल असतो, मऊ असतो, त्यातून तुम्हाला-मलाही नीट उठता येत नाही. डायनिंगची लाकडी खुर्ची घ्या, १७-१८ इंच उंचीची, हात असलेली मिळाली तर उत्तम, चाकं नकोत. प्लॅस्टिकची खुर्ची शक्यतो नको, फरशीवर तिचे पाय फाकतात आणि ऐन उठताना ती सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. पायमोजे काढा. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट द्या, पण उठायच्या व्यायामाला पाट आठवणीने बाजूला करा.

आता एक पाय समोर सरळ करायचा, चवडा आपल्याकडे ओढायचा, मांडी घट्ट झाली की पाचपर्यंत मोजायचं आणि सावकाश खाली. दोन्ही पायांना आठ-दहा वेळा. मग टाचा उचलायच्या, मग टाचा टेकवून चवडे उचलायचे. हे सगळं आकडे मोठ्याने म्हणत, कारण जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि त्याने बीपी चढतं, मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. आकडे नको असतील तर 'राम राम' म्हणा, काम तेच होतं.

आठवडा-दोन आठवडे हे जमलं की खरा व्यायाम, उठबस. खुर्चीच्या कडेला सरकायचं, पाय मागे घ्यायचे इतके की टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे येतील, छाती पुढे झुकवायची, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, आणि मग उठायचं. बहुतेक म्हातारी माणसं पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला बघतात, ते होत नाही म्हणून दोघं जण बगलेत हात घालून ओढतात. झुकल्याशिवाय कोणीच उठू शकत नाही, तुम्ही स्वतः करून बघा. सुरुवातीला खुर्चीचे हात धरू देत, सीटवर घट्ट उशी टाकून उंची वाढवू देत, जमायला लागलं की उशी काढा. आणि बसताना धपकन नाही, चार मोजत खाली यायचं. खाली येतानाही मांडीला बरंच काम पडतं. उभं राहिल्यावर लगेच चालायला लागू नका, क्षणभर थांबा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठल्या उठल्या गरगरतं, आणि तिथेच माणूस पडतो.

सुधारणा मोजायची असेल तर एक सोपी टेस्ट जगभर वापरतात. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते बघायचं. ७५ ते ७९ वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पडण्याची जोखीम जास्त धरतात. आज शून्य आलं तरी घाबरू नका, महिन्याने परत बघा, आणि टेस्ट करताना जवळ कोणीतरी उभं पाहिजे.

दुखण्याचं विचाराल तर करताना थोडं दुखलं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल किंवा गुडघा सुजला असेल तर त्या दिवशी संख्या निम्मी करा, बंद करू नका. सीरियलच्या जाहिरातींत करून घ्या, वेगळा वेळ मागितलात तर मिळणार नाही.

मिस्टरांना आठ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. आता काठीने घरात चालतात, पण हात उचलत नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून दाराला पुली लावून दोरीने चांगल्या हाताने वाईट हात वर ओढायचा व्यायाम चालू केलाय. खांदा खूप दुखतो, रात्री झोप नाही. सुटेल का दुखणं? – वाचक, नाशिक

पुली आजच काढा ताई. खांद्याचा गोळा खोबणीत मुख्यतः स्नायूंच्या जोरावर राहतो, लकव्यात ते स्नायू सैल पडले की गोळा थोडा खाली घसरतो, आणि तशात दोरीने हात डोक्यावर ओढला की मधले पडदे चिमटतात. अशा खांद्याला वरची पुली नको असं फिजिओथेरपीत शिकवतातच. त्यांना उठवताना त्या हाताला धरून किंवा बगलेतून ओढत असाल तर तेही बंद, कमरेला पट्टा बांधून तो धरा.

त्याऐवजी टेबलासमोर खुर्चीत बसवा, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही कुल्ल्यांवर सारखा भार. ही सारख्या भाराची गोष्ट महत्त्वाची आहे, लकव्याचा माणूस एका बाजूला कलतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही, समोर आरसा ठेवलात तर कळतं. टेबलावर पंचा अंथरा, त्यावर डावा हात, वर उजवा हात, आणि पंचा पुढे सरकवत सरकवत कमरेतून पुढे झुकायचं. हात उचलायचाच नाही. हाताच्या मागोमाग पाठीचं पातं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, आपोआप पुढे येतं आणि खांदा न दुखता हलतो. दुखायला लागलं की तिथे थांबायचं, परत यायचं. नंतर पंचा डावीकडे, उजवीकडे. बसलेले असताना डावा हात मांडीवरून खाली लोंबकळू देऊ नका, खाली उशी द्या. आणि रात्रीची झोप उडण्याइतकं दुखतंय म्हणजे एकदा खांदा प्रत्यक्ष दाखवलाच पाहिजे, हे पत्रावर भागणारं नाही.

आठ महिने झाले, आता काही सुधारणार नाही असं कोणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. पहिल्या काही महिन्यांतला वेग राहत नाही, पण त्यानंतरही फरक पडतो. फक्त नुसता हात हलवण्यापेक्षा कामाचा सराव द्या, वाटी धरून ठेवणं, चपाती तोडताना ताट दाबून ठेवणं, टॉवेलची घडी. शंभरदा केलेलं एक काम मेंदूला लवकर समजतं.

वय ८१. व्यायाम जेवणाआधी करू का नंतर? शुगरची गोळी चालू आहे. – काका, सातारा

जेवणानंतर तास-दीड तासाने. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांनी व्यायामात साखर खाली जाऊ शकते, म्हणून उपाशीपोटी नको. घाम फुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं तर थांबा आणि ग्लुकोमीटर असेल तर बघा, ७० च्या खाली म्हणजे कमी. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत बघा. चार-पाच पावलांवर साखरेचा डबा असू दे. तळपाय बधिर असतील तर व्यायामानंतर एकदा आरशात तळवे बघत जा.

माझा एक मणका दबलाय, हाडं ठिसूळ आहेत असं डेक्सा स्कॅनमध्ये आलंय. वय ६८. पूर्वी योगासनं करायचे. आता निदान खुर्चीत बसून खाली वाकून पायाचे अंगठे धरले तर स्ट्रेचिंग होईल ना? – वाचक, पुणे

नको, तेवढंच सोडून बाकी सगळं करा. ठिसूळ मणक्याला पाठ गोल करून पुढे वाकणं हेच सगळ्यात वाईट, दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि आणखी एक मणका दबू शकतो. जोरात पिळा देणंही टाळा, रिक्षात बसून मागे वळून बघतो तसं. तुम्हाला मांडीचा मागचा भाग मोकळा करायचाय, त्याला दुसरा रस्ता आहे. खुर्चीच्या कडेला बसा, एक पाय सरळ पुढे, टाच जमिनीवर, दोन्ही हात दुसऱ्या मांडीवर, आणि पाठ सरळ ठेवून बेंबी पुढे न्या. दोन-तीन इंच झुकलात तरी मागे ताण जाणवेल. ३० सेकंद धरा, हिसके देऊ नका. मग पाठ ताठ करून दोन्ही पाती मागे एकमेकांजवळ आणा, हनुवटी आत. हे दिवसातून जितके वेळा आठवेल तितके वेळा.

योगच हवा असेल तर तुम्ही पुण्यातच आहात, खुर्चीचा आधार घेऊन आसनं शिकवायची पद्धत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी रुजवली, १९७५ साली सुरू झालेली त्यांची संस्था मॉडेल कॉलनीत आहे. जाल तिथे मणक्याचा रिपोर्ट आधी दाखवा, नंतर चटई पसरा.

मी ३४ वर्षांचा, अपघातानंतर कमरेखालचं गेलं, व्हीलचेअरवर असतो, वर्क फ्रॉम होम. दोन्ही खांदे दुखतात. जिममधल्या मित्राने डंबेल डोक्यावर ढकलायचा व्यायाम सांगितलाय. करू? – वाचक, डोंबिवली

तुमचे खांदे दिवसभर ढकलतच असतात, चेअर ढकला, बेडवर जाताना अंग ढकला, वरून आणखी ढकलायचा व्यायाम कशाला! तुम्हाला ओढायचा व्यायाम पाहिजे. इलास्टिक बँड खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर बांधा, दोन्ही ब्रेक लावा, कोपर अंगाला घासत मागे न्या, पाती आवळा, सावकाश सोडा. १०-१२ वेळा, दोन-तीन सेट, एक दिवसाआड. मग छाती ताणायची, दाराच्या चौकटीला हात टेकवून अंग हलकेच पुढे न्यायचं. कॉम्प्युटरवर पुढे वाकून बसायची सवय असेल तर ती आधी बघा.

दुसरं, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. दर १५ ते ३० मिनिटांनी मांड्यांवर पुढे झुकून किंवा एका बाजूला कलून कुल्ल्यांवरचा दाब काढा, मिनिट-दोन मिनिटं. हातांवर अंग उचलून धरायची जुनी पद्धत खांद्यांसाठी चांगली नाही, आणि तितका वेळ कोणी उचलून धरतही नाही. खुर्चीचं मागचं चाक फार मागे असेल तरी खांदे जातात, एकदा मुंबईत हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये चेअर आणि खांदे दोन्ही दाखवून या.

पाय सुजतात, चप्पल घट्ट होते, संध्याकाळी जास्त. खिडकीशी बसून असते मी. कुठला व्यायाम? – आजी, कोल्हापूर

पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, दिवसभर पाय लोंबत ठेवून बसलं की ते काम बंद पडतं. दर तासाला घोटे वर-खाली २० वेळा, मग गोल फिरवा, आणि दुपारी अर्धा तास पाय उशीवर घेऊन आडव्या व्हा. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनेही पाय सुजतात, ती असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, किंवा सुजेबरोबर दम लागतोय, तर व्यायाम नाही, त्याच दिवशी दवाखाना.

मी न्यू जर्सीत, बाबा (७९) आणि आई पुण्यात. बाबांसाठी ऑनलाइन पेडलिंग मशीन मागवू का? रोज व्हिडिओ कॉलवर मी करून घेईन. – वाचक

मशीन वाईट नाही, पण फरशीवर सरकतं, खाली रबरी मॅट लागते, आणि त्याने उठायची ताकद फारशी येत नाही. सांगलीच्या सूनबाईंना लिहिलंय ते आधी महिनाभर करा, मग पैसे घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगितलीय, पण थोडी केली तरी अजिबात न करण्यापेक्षा बरी, हेही तिथेच आहे, त्यामुळे १० मिनिटांनी सुरुवात करायला लाजू नका. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला की वेग बरोबर.

कॉल करताना एक करा. सगळे फोन तोंडासमोर धरतात, तुम्हाला बाबांचं कपाळ दिसतं आणि पाय कुठे आहेत ते कळतच नाही. आईंना सांगा, फोन समोरच्या टेबलावर डब्याला टेकवून आडवा ठेवायचा, अख्खी खुर्ची आणि जमीन दिसली पाहिजे, आणि मग आईंनी बाबांच्या शेजारी उभं राहायचं. तुमची सकाळ ती त्यांची संध्याकाळ, चहा झाल्यावरची वेळ ठरवा.