होस्टिंगचं दुसरं बिल

अनेक आशीर्वाद.

रिसेलर पॅकेज, म्हणजे होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) घाऊक घ्यायचं, ज्यांच्या वेबसाइट तुझ्याकडे आहेत ते पंधरा-वीस ग्राहक त्यात बसवायचे आणि प्रत्येकाकडून वर्षाला सहा हजार घ्यायचे, हा तुझा बेत वाचला. कागदावर हिशेब जमतोय. पण तुझ्या जागी मी असतो तर इतक्यात त्या वाटेला गेलो नसतो. का, ते सांगतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

होस्टिंग कंपनी पहिल्या बिलावर फारसं कमवत नाही, दुसऱ्या बिलावर कमवते. समज, जाहिरातीत लिहिलंय दरमहा १४९ रुपये. पैसे भरायला गेलं की कळतं, हा भाव तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच. म्हणजे ५,३६४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, साधारण ६,३३०. रिन्यूअलचा दर मात्र खाली बारीक अक्षरात: दरमहा ४४९. एका वर्षाचे ५,३८८, जीएसटी धरून ६,३५८. तीन वर्षांना जेवढे गेले, तेवढेच आता एका वर्षाला. आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, पण बाजारातली तऱ्हा हीच. तीन वर्षांनी साइट हलवायचा कंटाळा येतो, आणि कंपनीचा धंदा त्या कंटाळ्यावर चालतो. म्हणून ग्राहकाला भाव सांगताना दोन्ही आकडे एकाच ओळीत सांग. पहिलाच सांगितलास तर तीन वर्षांनी शिव्या तुला पडणार, कंपनीला नाही.

पेमेंटच्या पानावर घाई करू नकोस. बॅकअप, ईमेल, 'सुरक्षा कवच' अशा चौकटींत आधीच टिक असते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, न विचारता कार्टमध्ये माल घालणं त्यांत बसतं. तरी टिक काढायचं काम आपलंच. एसएसएलचे, म्हणजे साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे कोणी मागितले तर विचार, लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा ते इतकी वर्षं फुकट देतेय, मग हे कशाचे? आणि 'अनलिमिटेड' म्हटलं की अटी उघडून आयनोडची, म्हणजे फाइलींच्या संख्येची, मर्यादा शोध. ती असतेच.

आता मुख्य मुद्दा. खातं कोणाच्या नावावर?

ग्राहकाच्या. त्याचा ईमेल, त्याचा मोबाइल, त्याचं कार्ड. तुला फक्त कामापुरता अ‍ॅक्सेस. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, बाबतीत तर हे दगडावरची रेघ समज. यात सचोटी आहेच, पण रोकडा हिशेबही आहे. तुझी उलाढाल वीस लाखांच्या आत, म्हणजे तुझी जीएसटी नोंदणी नाही. होस्टिंग तू घेतलंस की १८ टक्के तू भरणार आणि ग्राहकाला साधं बिल देणार. तुझे ते येवल्याचे पैठणीवाले नोंदणीकृत आहेत, बिल थेट त्यांच्या जीएसटी नंबरवर निघालं असतं तर तेवढं क्रेडिट, म्हणजे त्यांच्या जीएसटीतून वजावट, त्यांना मिळालं असतं. तुझ्यामुळे ते बुडालं. (साताऱ्याच्या दंतवैद्य बाईंना हे लागू नाही. वैद्यकीय सेवेवर जीएसटी नसतो, त्यामुळे त्यांना क्रेडिट घेता येत नाही. त्यांच्यासाठी ते १८ टक्के खर्चातच धर.) जीएसटी नंबर पैसे भरण्याआधी खात्यात टाकायचा. नंतर इनव्हॉइस बदलून मागताना सपोर्टवाले फार फिरवतात.

रिसेलरचं दुसरं दुखणं असं की वरचा भाव तुझ्या हातात नसतो. २०१९ च्या जूनमध्ये सीपॅनेलने (होस्टिंगची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर) सर्व्हरमागे ठरलेला परवाना सोडून खात्यांच्या संख्येवर पैसे लावायचं जाहीर केलं. छोट्या होस्टिंगवाल्यांचा एका रात्रीत हिशेब बिघडला. कोणी भाव वाढवले, कोणी दुसऱ्या पॅनेलवर गेले. मधल्या रिसेलरने ग्राहकांना 'पाच वर्षं हाच दर' असं सांगितलेलं असेल, तर ती वाढ त्याच्याच खिशातून जाणार. शिवाय सर्व्हर पडला की वीसही फोन तुलाच. कंपनी ९९.९ टक्के अपटाइमची हमी देते, म्हणजे वर्षात पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी वचन मोडलं नाही. त्याहून जास्त बंद राहिली तर भरपाई बहुतेक ठिकाणी पुढच्या बिलात थोडी सूट. दिवाळीच्या आठवड्यात हुकलेल्या ऑर्डरींचे पैसे कोणी देत नाही, आणि ग्राहक ते तुझ्याकडे मागणार.

रिन्यूअलच्या तारखा मात्र तू सांभाळ. ऑटो-रिन्यूअल चालू आहे म्हणून निवांत बसू नकोस. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे नियम लागू झाले आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपल्या कार्डावरून आपोआप पैसे कापता येईनात. जिथे येतात तिथेही १५,००० च्या वर रक्कम गेली की ओटीपी लागतो. तीन वर्षांचं रिन्यूअल सहज तेवढ्यावर जातं. होस्टिंग लटकलं तर एक-दोन दिवसांत सावरता येतं. डॉट कॉम डोमेन लटकलं तर मुदतीनंतरचे काही दिवस नेहमीच्या दरात मिळतात, किती ते रजिस्ट्रारवर, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीवर. मग ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात सोडवायला दंड जबर. शेवटी पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि नंतर नाव कोणीही उचलावं. 'पहिल्या वर्षी डोमेन फुकट' म्हणणाऱ्यांचं दुसऱ्या वर्षीचं बिल बघ. आणि ३० दिवसांत होस्टिंग परत केलंस तरी त्या फुकट डोमेनचे पैसे बहुधा कापूनच परतावा येतो.

अ‍ॅफिलिएट कमिशनबद्दल, म्हणजे आपल्या लिंकवरून विक्री झाली की होस्टिंग कंपनी देते त्या पैशांबद्दल, तू चाचरत विचारलं आहेस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका विक्रीचं कमिशन कधी कधी ग्राहकाच्या पहिल्या वर्षाच्या पैशांहून जास्त असतं. कंपनीला ते कसं परवडतं, हे वरचा हिशेब वाचून तुला कळलंच असेल. मी घेतो. पण कोटेशनमध्ये लिहितो की या लिंकवरून खरेदी झाली तर मला कंपनीकडून पैसे मिळतात, नको असेल तर थेट घ्या. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही, उलट दोघातिघांनी 'बरं केलंत सांगितलंत' म्हटलं. मात्र कमिशन जास्त म्हणून डबडा सर्व्हर गळ्यात मारू नकोस. 'सर्वोत्तम दहा होस्टिंग' छापाच्या याद्या बहुतेक त्याच हिशेबाने लागतात, त्यावर तर मुळीच विसंबू नकोस.

तुझी कमाई कुठून, असं विचारशील. एएमसीतून, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारातून. अपडेट, महिन्याला एक बॅकअप ग्राहकाच्याच ड्राइव्हवर, रिन्यूअलची आठवण, वर्षातून चार-पाच किरकोळ बदल. याचे पैसे मोकळेपणाने माग, होस्टिंगच्या आडून नको. मालवणच्या होमस्टेवाल्यांना तुझ्या कामाचे पाच हजार जड वाटणार नाहीत, होस्टिंगचे म्हणून सांगितलेस तर ते मोबाइलवर भाव शोधतील आणि १४९ वाली जाहिरात तुझ्यासमोर धरतील.

पैठणीवाल्यांचं कोटेशन पाठवण्याआधी मला दाखव. डोमेन आणि होस्टिंग त्यांच्या कार्डावर, तुझं काम वेगळ्या ओळीत, आणि रिन्यूअलचा दर ठळक अक्षरात. दुकानात बसून त्यांच्याच फोनवर ओटीपी घे आणि खातं उघड, म्हणजे पासवर्ड त्यांच्या वहीत राहील.

कळावे.