जिग बांधायला सहा मिनिटं लागतात. कॉलेज सोडून हाच धंदा करू का?

पत्राचा सारांश: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गळ टाकायच्या नादातून मासेमारीच्या जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर केस-पिसं दोऱ्यानं बांधून केलेली आमिषं, बांधायला शिकले. ओळखीचे लोक त्या विकत घेतात. एका जिगला मला सहा मिनिटं लागतात, सराईत लोक म्हणे दोन-तीन मिनिटांत बांधतात. वेग वाढवला तर कॉलेज सोडून हेच पूर्णवेळ करता येईल का? आई-बाबांचा विरोध आहे.

तू सहा मिनिटं लिहिलीस, पण ती कुठून कुठपर्यंत मोजलीस ते लिहिलं नाहीस. बहुधा गळ व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, अडकवल्यापासून शेवटची गाठ पडेपर्यंत. पण विकायची जिग त्याच्या बरीच आधी सुरू होते. शिसं वितळवून साच्यात ओतायचं, कडेचं जादा शिसं तोडायचं, जिगचं डोकं तापवून पावडर पेंटमध्ये, म्हणजे कोरड्या भुकटीच्या रंगात, बुडवायचं, ओव्हनमध्ये पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास रंग पक्का करायचा, गळाच्या डोळ्यात, म्हणजे दोरी ओवायच्या भोकात, भरलेला रंग टोचून काढायचा. मग बांधणी. त्यानंतर वार्निशचा थेंब, वाळवणं, पाकिटं, फोटो, 'हिरव्या रंगात आहे का' अशा चौकशांना उत्तरं, पार्सल.

समज, हे सगळं धरून एका जिगला अकरा मिनिटं लागतात, त्यातली बांधणीची सहा. खूप सराव करून तू बांधणी तीन मिनिटांवर आणलीस. वेग दुप्पट झाला, पण जिग आठ मिनिटांची झाली. तासाला साडेपाचच्या जागी साडेसात. मेहनतीच्या मानानं ही वाढ फारच थोडी, आणि 'वेग वाढला की पैसे वाढतील' हे तुझं गृहीतक इथंच लंगडं पडतं.

तरीही वेग वाढव, कारण तो वाढवण्यासारखा आहे. बोटं भराभर चालवून तो फारसा वाढत नाही, हातातली वस्तू खाली ठेवायची आणि परत उचलायची थांबली की वाढतो. सराईत बांधणारे कात्री टेबलावर ठेवतच नाहीत, एका कडीत बोट अडकवून ती तळहातात धरूनच दोरा फिरवतात. एका बैठकीत एकच वजन, एकच रंग. केस आणि पिसं बांधायला बसण्याआधी मोजून, झुपके करून ओळीनं मांडलेली. हरणाच्या शेपटीचे केस वापरत असशील तर बुडाकडचे आणि टोकाकडचे आधीच वेगळे कर. बुडाकडचे पोकळ असतात, दोरा आवळला की फुलतात. टोकाकडचे बऱ्यापैकी सरळ राहतात. मिसळले तर दर जिगला बोटांनी सारवासारव करत बसशील. दोरा फार बारीक घेऊ नकोस. 140 किंवा 210 डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप) दोरा जोर सहन करतो आणि कमी वेढ्यांत काम होतं. वार्निश मात्र सगळी तुकडी बांधून झाल्यावर एकदम. शेवटच्या गाठीत काटकसर नको. सुटून परत आलेली एक जिग तू वाचवलेले सगळे सेकंद गिळते.

आता पैशांचं. ओळखीचे लोक तुला पूर्ण किंमत देतात. पण तासाला साडेसात, दिवसाला सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे अकराशेच्या वर जिग झाल्या. दर महिन्याला एवढ्या घ्यायला किती ओळखीचे लागतील? म्हणजे दुकानदाराकडे जाणं आलं, आणि दुकानदार साधारण निम्म्या भावात माल मागतो. विक्रीची किंमत शंभर धरली तर तुझ्या हातात पन्नास. त्यातून गळ, शिसं, पिसं, रंग, पाकीट आणि बिघडलेले नग वजा कर. उरलेल्याला साडेसातनं गुण. ती तुझी तासाची मजुरी. हा आकडा तुझ्या पत्रात कुठंच नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्याच्यावरच आहे.

शिवाय निव्वळ वेगाच्या शर्यतीत तू उतरूच नयेस. जिगची सख्खी बहीण असलेली फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेलं किड्यासारखं हलकं आमिष, केनिया, श्रीलंका, थायलंडमधल्या कारखान्यांत हातानंच बांधली जाते, तीही दिवसभर तेच करणाऱ्या तरबेज माणसांकडून. दुकानात सहज मिळणारा साधा नमुना त्यांच्या भावात तुला परवडणार नाही. तुझा माल खपेल तो बाजारात न मिळणाऱ्या वजनाचा, ठरावीक पाण्यासाठी ठरावीक रंगाचा. मात्र बारा रंगांत एकेक नग अशी मागणी आली तर भाव चढा लाव, किंवा एका रंगात किमान डझन घ्यावे लागतील असं सांग. फुटकळ मागण्या तुकडीनं काम करायची सगळी घडी मोडतात.

शिशाबद्दल वेगळं बजावते. ते 327 अंशांना वितळतं, त्यात पाण्याचा थेंब पडला तर उसळून अंगावर येतं, आणि ते विषारी आहे. स्वयंपाकघरात ओतकाम अजिबात नको. परदेशी विकायचा विचार असेल तर आधी तिथले नियम वाच. ब्रिटनमध्ये गळाच्या दोरीला लावायच्या 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर 1987 पासून बंदी आहे, अमेरिकेतल्या काही राज्यांत लहान शिशाच्या जिगही चालत नाहीत. शिशाऐवजी टंगस्टन या जड धातूची तयार डोकी महाग पडतात, पण ओतकामाचा वेळ वाचतो. अकरा मिनिटांचा हिशेब करताना तीही किंमत धरून बघ.

कॉलेज सोडू नकोस. जिग शनिवार-रविवारी बांधता येतात, दुसऱ्या वर्षाची परीक्षा तशी देता येत नाही. पुढची पन्नास जिगांची तुकडी घेशील तेव्हा शिसं तापायला ठेवल्यापासून पार्सल हातावेगळं होईपर्यंतचा वेळ लिही आणि पन्नासनं भाग. दुकानदाराच्या भावानं तासाची मजुरी काढ, आणि ती जवळपासच्या कुठल्याही अर्धवेळ नोकरीच्या तासाशी ताडून बघ. ती जास्त भरली, आणि असं सलग दोन-तीन तुकड्यांत झालं, तर मला परत लिही. मग पदवीनंतर पूर्णवेळ करण्याबद्दल बोलू. आई-बाबांशी वाद घालण्याआधी हा कागद त्यांच्यापुढे ठेव. त्यांचा विरोध जिगला आहे की हिशेब न करता उडी मारण्याला, तेही त्यातून कळेल.