एअर इंडियाच्या नव्या केबिनसाठी मुद्दाम दिल्लीमार्गे जावं का? सीटा कडक आहेत म्हणतात.

तुमचा प्रश्न असा, की आईवडिलांना लंडन दाखवायचंय, मुंबईहून सरळ जाण्याऐवजी दिल्लीहून गेलं तर नवं ए-३५० विमान मिळतं, पण लोक म्हणतात नव्या सीटा कडक आहेत. ‘कडक’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

दापोडीला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मी २९ वर्षं सीटा बांधल्या. काथ्याच्या गादीपासून फोमपर्यंत, तीन-दोनच्या लाल डब्यापासून एशियाडपर्यंत. त्यामुळे सीट कडक आहे म्हणून कुणी नाक मुरडलं की मला आधी विचारावंसं वाटतं, बसून किती वेळ झाला? पहिल्या दहा मिनिटांत मऊ गादीच जिंकणार. चौथ्या तासाला तीच गादी दबून माकडहाड खालच्या पत्र्याला टेकतं, तेव्हा हे लोक झोपलेले असतात किंवा पडद्यावर सिनेमा बघत असतात. उतरल्यावर कंबर धरून चालतात आणि वयाला दोष देतात.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे श्टुटगार्टला गेलो. जावई आम्हाला न्यायला आले होते. पहिला टप्पा साडेआठ तासांचा. कुठे उतरलो ते सांगत नाही, विमान कंपनी ओळखू येईल. आत सगळं नवं होतं. जांभळे दिवे, पातळ पाठीच्या सीटा, गुडघ्यापाशी चार्जिंगची सोय. जावईबापू बसल्या बसल्या म्हणाले, “बाबा, फळी आहे ही फळी.” मी म्हटलं, जरा धीर धरा.

पण आमच्या हिच्या सीटची गादी मात्र बसता-उठता पुढे सरकत होती. विमानाच्या सीटची गादी खाली वेल्क्रोने चिकटवलेली असते, एका बाजूने ती सुटली होती. केबिनमधल्या मुलीला सांगितलं, तर ती गोड हसून म्हणाली, “सर, विमान नवीन आहे.” म्हणजे मी खोटं बोलतोय! तासाभराने पुन्हा सांगितलं, तेव्हा एक जादा ब्लँकेट मिळालं. शेवटी हिला उभं केलं, गादी उचलली, खालचा केरकचरा झाडला, वेल्क्रो तळहाताने नीट दाबून बसवला आणि पुढच्या कडेला ब्लँकेटची घडी सारली. गादी जागची हलली नाही. जावईबापू मात्र खिडकीबाहेर बघत होते. बाहेर मिट्ट काळोख होता. सासरा विमानात गादी उपसतोय हे त्यांना बघवेना.

सहाव्या तासाला ते स्वतः उठून मागे फेऱ्या मारायला लागले. मी म्हटलं, “फळीमुळे ना?” ते म्हणाले, “नाही, पायाला मुंग्या आल्यात.” मुंग्या कडकपणाने येत नाहीत. बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतली की येतात. बैठकीची खोली, पुढच्या कडेचा गोलवा आणि पाठीचा कोन, या तीन गोष्टी जमल्या तर गादी दोन बोटं जाड असली तरी चालते. नाही जमल्या तर वर कापूस भरा नाहीतर पिसं, काही उपयोग नाही. हे मी जावईबापूंना विमानात पहिल्यांदा सांगत नव्हतो. ते पुढे येईलच.

लोकांना विमानाच्या सीटची गादी म्हणजे घरची गादी वाटते. तिला पास व्हावं लागतं ती परीक्षा वेगळीच. रॉकेलच्या झोताची ज्योत दोन मिनिटं गादीवर सोडतात, आणि गादीचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. सगळी सीट १६ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट, धक्क्याला फ्रेमसकट जागेवर राहावी लागते. वर प्रत्येक किलो इंधन खातो. आमच्याकडे असा हिशेब आला असता तर निम्मे कारागीर पळाले असते. श्टुटगार्टला एक गोष्ट कळली, ती जाता जाता सांगतो. विमानाच्या सीटांत मोठं नाव असलेली रेकारो मुळात तिथलीच, १९०६ साली रॉयटर नावाच्या माणसाने काढलेला गाड्यांची बॉडी बांधायचा कारखाना. रॉयटर कारोसेरी, त्याचं रेकारो. कारोसेरी म्हणजे बॉडी. म्हणजे आमच्याच बिरादरीतले.

आता तुमच्या विमानाबद्दल. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी एअर इंडिया परत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी जुन्या मोठ्या विमानांच्या केबिनसाठी ४० कोटी डॉलर जाहीर केले. ते काम सीटांच्या तुटवड्याने रखडलं. ए-३५० हे त्या डागडुजीतलं नव्हे. ती विमानं रशियाच्या एरोफ्लोतसाठी बांधली होती, निर्बंधांमुळे इकडे आली. जानेवारी २०२४ पासून उडतायत, सप्टेंबर २०२४ पासून दिल्ली-लंडनला. एकूण ३१६ सीटा: बिझनेसच्या २८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४, बाकी २६४ आपल्यासारख्यांच्या. सरकतं दार असलेल्या बिझनेस सीटचे फोटो बघून लोक इकॉनॉमीचं तिकीट काढतात आणि मग रडतात.

इकॉनॉमीत ३१ इंचांचा पिच आहे. पिच म्हणजे गुडघ्यापुढची मोकळी जागा असं समजणाऱ्यांशी वाद घालून मी थकलोय. एका सीटच्या बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं ते अंतर, पाठीची जाडी धरून. पाठ पातळ केली की त्याच ३१ इंचांत गुडघ्याला जागा वाढते. पातळ सीटला शिव्या घालणारे हे विसरतात.

तर जावं का? आईवडिलांचं वय सत्तरीच्या पुढे असेल तर माझ्या मते नको. मुंबईहून सरळ जा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिल्लीला उतरवून, टर्मिनलमध्ये चालवून, पुन्हा रांगेत उभं करून वर चांगली सीट दिली, तर त्यातून काय मिळवलं? त्या पैशात मुंबईच्याच विमानात कडेच्या दोन सीटा घ्या आणि पायाखाली ठेवायला छोटी घट्ट पिशवी न्या. दिल्लीतच राहत असाल तर गोष्ट वेगळी, मग ए-३५० घ्याच. प्रीमियम इकॉनॉमीत ३८ इंचांचा पिच आणि दोन-चार-दोनची रांग आहे, दोघांना खिडकीकडची जोडी मिळते. परवडत असेल तर पैसे तिथे घाला. आणि ऐन वेळी विमान बदलू शकतं, तेव्हा फक्त सीटच्या भरवशावर जास्त पैसे मोजू नका.

बसलात की अंगठ्याने गादी दाबून बघा. खालचा पत्रा लागला तर लगेच सांगा, विमान सुटल्यावर नव्हे. सोफा घेतानाही हेच करायचं असतं. लेक-जावयांच्या वाकडच्या फ्लॅटसाठी सोफा बघायला गेलो तेव्हा मी दुकानात सर्वांदेखत अंगठा दाबला होता. दुकानदार म्हणाला फोम ३२ डेन्सिटीचा, म्हणजे घनतेचा, जावईबापू बसले, म्हणाले “अहाहा!” मी म्हटलं, बैठकीला ४० घ्या आणि जरा कडक घ्या, नाहीतर वर्षात खड्डा पडेल. माझ्याकडे बघून म्हणाले, “बाबा, ही एसटी नाही.” लेकीनेही त्यांचीच बाजू घेतली. हल्ली त्या फ्लॅटमध्ये व्याही राहतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, बोलता बोलता सांगून गेले की सोफ्याच्या गादीखाली प्लायवूड टाकलंय, मुलानेच सांगितलं होतं टाकायला. मुलाने मला अजून काही सांगितलेलं नाही.

एक राहिलं. माझी उंची पाच फूट तीन इंच, हिची त्याहून कमी, आणि पायाखाली पिशवी लागते ती अशाच, पाय खाली नीट न टेकणाऱ्या माणसांना. तुमचे वडील सहा फुटी असतील तर मांडीचं सोडा, गुडघ्यांचं बघा आणि बाहेर पडायच्या दारापाशी असलेल्या रांगेतल्या सीटसाठी फोन करून विचारा. पण ती रांग वयस्कर किंवा मदत लागणाऱ्या प्रवाशाला देत नाहीत, हेही आधीच विचारून घ्या.